मोठ्या बॅटरीच्या गाडीतली धाकटी बॅटरी

मंडळी, विजेवर चालणारी मोटार आता तालुक्याच्या गावीही दिसू लागली आहे. तिच्या पोटाखाली केवढी तरी बॅटरी असते. घरच्या मीटरवर आपण जे युनिट मोजतो, त्या हिशेबाने चोवीस, तीस, चाळीस युनिट वीज तीत मावते. आणि तरीही एखाद्या सकाळी अशी गाडी दारातल्या दारात मुकी होऊन बसते. कुलूप उघडत नाही, दिवा लागत नाही, समोरचा पडदा काळाठिक्कर. मालक कपाळाला हात लावून म्हणतो, "अहो, रात्री तर ऐंशी टक्के भरलेली दाखवत होती!"

त्याचे म्हणणे खोटे नसते. मोठी बॅटरी भरलेलीच असते. उतरलेली असते ती दुसरीच. या गाडीत आणखी एक धाकटी बॅटरी बसवलेली असते, बारा व्होल्टची, आपल्या ट्रॅक्टरला असते त्याच जातीची, बहुधा शिशाची. तीत वीज मावते जेमतेम अर्धा युनिट. मिस्त्री येतो, म्हणतो बॅटरी बसली, नवी घाला. नवी घातली की गाडी चालू. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मग तिसरी बॅटरी. पैसा जातो, गाडीवरचा विश्वास उडतो, आणि मूळ दोष मात्र जिथल्या तिथे राहतो.

ही धाकटी बॅटरी तिथे आली कशी आणि ती वारंवार उतरते तेव्हा दोष शोधायचा कुठे, हे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. पहिल्याचे उत्तर कळले की दुसरा अर्धाअधिक सुटतो. म्हणून आधी थोडे मागे जाऊ.

इटलीतल्या बोलोन्याच्या गॅल्व्हानीने बेडकाच्या पायांवर केलेले प्रयोग १७९१ साली छापले आणि ते वाचून पाव्हियाच्या व्होल्टाने वाद घातला, ही गोष्ट शिक्षक मंडळींना ठाऊक असेल. त्या वादातून १८०० साली व्होल्टाची चकत्यांची चळत निघाली. जस्त, चांदी किंवा तांबे, आणि मधे खारट पाण्यात भिजवलेला पुठ्ठा. पण ही चळत एकदा संपली की संपली, पुन्हा भरता येत नसे. भरता येईल अशी बॅटरी केली ती फ्रान्सच्या गास्ताँ प्लांतेने, १८५९ साली. शिशाचे दोन पत्रे, मधे कापड, सगळे गुंडाळून गंधकाच्या तेजाबात बुडवलेले. एवढ्या साध्या सामानाची ही वस्तू. आणि आजही तुमच्या ट्रॅक्टरमध्ये जे आहे ते मुळात हेच. गंमत अशी, की त्या वेळी बॅटरी भरायला डायनॅमोच नव्हता. प्लांतेला आपली बॅटरी दुसऱ्या बॅटऱ्यांनीच भरावी लागे. पुढे ग्रामचा डायनॅमो आला तेव्हा या शोधाला पाय फुटले.

१८८१ साली कामीय फोर नावाच्या दुसऱ्या फ्रेंच माणसाने शिशाच्या पत्र्यावर शिशाच्या भस्माचा लेप देऊन पुष्कळ जास्त वीज साठवण्याची युक्ती काढली. त्याच वर्षी अशा बॅटरीची एक पेटी पॅरिसहून स्कॉटलंडमधल्या ग्लासगोला विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांच्याकडे पाठवली गेली. प्रवास बहात्तर तासांचा. पेटी पोचली तेव्हा तिच्यात वीज शाबूत होती, याचे मोठे कौतुक झाले. हा प्रसंग मी मुद्दाम सांगतो. बॅटरीत किती वीज मावते हा एक प्रश्न, आणि नुसती ठेवून दिली तर किती दिवस टिकते हा दुसरा. आपला आजचा विषय दुसऱ्या प्रश्नाचा आहे, आणि तो बॅटरीइतकाच जुना आहे.

त्याच १८८१ साली पॅरिसच्या रस्त्यावर गुस्ताव्ह त्रूव्हेने विजेची तीनचाकी चालवून दाखवली. विजेची गाडी ही काल-परवाची नवलाई आहे असे आपण समजतो, ते खरे नाही. २९ एप्रिल १८९९ रोजी बेल्जियमच्या कामीय येनात्सीने विजेच्याच गाडीतून ताशी १०५ किलोमीटरचा वेग गाठला. ताशी शंभराची वेस ओलांडणारी रस्त्यावरची ती पहिली गाडी, आणि तिच्यात पेट्रोलचा थेंब नव्हता. १९०० साली अमेरिकेत जेमतेम चार हजार मोटारी तयार झाल्या, त्यांत वाफेच्या सोळाशेवर, विजेच्या पंधराशेवर, आणि पेट्रोलच्या हजाराहूनही कमी होत्या.

मग विजेची गाडी मागे का पडली? कारणे पुष्कळ आहेत. पेट्रोल स्वस्त झाले, फोर्डची १९०८ सालची मॉडेल टी गाडी सामान्य माणसाच्या आवाक्यात आली, लांबचे रस्ते झाले. पण एक कारण मला विशेष वाटते, कारण त्यात दैवाची थट्टा आहे. पेट्रोलची गाडी चालू करायला पुढे उभे राहून हँडल मारावे लागे. हँडल उलटे फिरले तर मनगट मोडे. जुन्या ट्रकवाल्यांना आणि इंजिनपंप चालवलेल्या शेतकऱ्यांना हे सांगायला नको. म्हणून शहरातल्या बायका आणि डॉक्टर विजेची गाडी पसंत करीत. खुद्द हेन्री फोर्डची पत्नी क्लारा विजेच्या गाडीतून हिंडे. हे हँडल घालवले चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरने. त्याने विजेचा स्टार्टर तयार केला आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांत तो बसला. आपण ज्याला 'सेल्फ' म्हणतो तो हाच. सेल्फला वीज हवी, विजेला बॅटरी हवी. म्हणजे विजेच्या गाडीला हुसकावून लावण्याच्या कामी बॅटरीच पेट्रोलच्या गाडीत चाकरीला लागली!

आणि एकदा ती घरात आल्यावर तिच्या अंगावर कामे पडत गेली. दिवे, भोंगा, काच पुसण्याचा दांडा, रेडिओ. आधी सहा व्होल्टची बॅटरी असे. १९५५च्या सुमारास अमेरिकेत इंजिने मोठी झाली तशी बारा व्होल्टची झाली, आणि हळूहळू सगळ्या जगाने तोच आकडा घेतला. तेव्हापासून दिवा, फ्यूज, रिले, मोटार, जे जे म्हणून गाडीत बसते ते बारा व्होल्टचे बनते. कोट्यवधींनी बनते, म्हणून स्वस्त मिळते. हा आकडा पुढे लक्षात ठेवा.

त्या काळच्या गाडीत बॅटरी पुन्हापुन्हा उतरली तर मिस्त्रीचे काम तसे सोपे असे. चावी बंद केली की गाडीत विजेचा ग्राहकच उरत नसे. फार तर एखादे घड्याळ. मग वीज चोरणार कोण? मागच्या डिकीतला दिवा, न सुटलेला रिले, किंवा डायनॅमोचा कटआउट. हा कटआउट म्हणजे एक झडपच होती. डायनॅमो फिरत असताना वीज बॅटरीकडे जाऊ द्यायची, आणि थांबला की उलटी वाहू द्यायची नाही. विहिरीच्या पंपाला तळाशी फूटव्हॉल्व्ह असतो ना, तसेच. तो चिकटला की रात्रभर बॅटरी डायनॅमोतून रिकामी होई. १९६०पासून डायनॅमोच्या जागी आल्टरनेटर येऊ लागला आणि झडपेचे काम डायोडकडे गेले. मिस्त्री बॅटरीचा एक वायर सोडून मधे बारीक बल्ब लावी. बल्ब पेटला म्हणजे गळती आहे. मग एकेक फ्यूज काढत जायचे. ज्या फ्यूजला बल्ब विझला त्या वाटेवर चोर. ही जुनी रीत नामी होती. पण विजेच्या गाडीत ती जशीच्या तशी चालत नाही, आणि तिथेच पुष्कळ चांगले मिस्त्री फसतात.

का चालत नाही, ते पाहा. १९८६ साली जर्मनीच्या बॉश कंपनीने गाडीतल्या यंत्रांनी एकमेकांशी बोलण्याची एक पद्धत जगापुढे मांडली. तिला 'कॅन' म्हणतात. त्याआधी प्रत्येक कामाला वेगळी तार जाई. आता दोन तारांवर गाडीतले सगळे लहानमोठे संगणक एकमेकांना निरोप देतात. दाराचा संगणक, दिव्यांचा, ब्रेकचा, पडद्याचा. गाडी बंद करून कुलूप लावले की हे सगळे लगेच झोपत नाहीत. घरातल्या पोरांसारखे हळूहळू झोपतात. कुठे पाच मिनिटे, कुठे अर्धा तास, कुठे तासावर. आणि एकाने आवाज केला की बाकीचेही पुष्कळदा उठून बसतात. तुम्ही फ्यूज काढलात, दार उघडलेत, चावी खिशात ठेवून जवळ उभे राहिलात, तरी गाडी जागी होते. मग मीटर जे दाखवते ती गळती नसते. ते तुमचे स्वागत असते.

आता विजेच्या गाडीकडे परत येऊ. १९९१ साली जपानमध्ये लिथियमची बॅटरी बाजारात आली आणि थोड्या वजनात पुष्कळ वीज मावू लागली. बंगळूरला २००१ साली निघालेली आपली रेवा गाडी शिशावरच चालत होती. सहा व्होल्टच्या आठ बॅटऱ्या, मिळून अठ्ठेचाळीस व्होल्ट. पण २०१०च्या डिसेंबरात निसानची लीफ आली तिच्यात लिथियमची चोवीस युनिटांची, साडेतीनशेच्या वर व्होल्ट असलेली बॅटरी होती. आपल्याकडे २०२०च्या जानेवारीत आलेली टाटांची नेक्सॉन पुण्याजवळ रांजणगावला बनते, तिचीही जात तीच. आणि या दोन्हींत बारा व्होल्टची धाकटी बॅटरी आहेच.

मोठी असताना धाकटी कशाला, असे कुणीही विचारील. पैसे वाचवायला जुनी वस्तू तशीच ठेवली, असे काही लोक म्हणतात. मला ते अर्धेच खरे वाटते. दिवे, भोंगे, रिले सगळे बारा व्होल्टचे तयार मिळतात हे आहेच. पण मुख्य गोष्ट सुरक्षिततेची. साडेतीनशे व्होल्टच्या वीजप्रवाहाने माणूस मरतो. म्हणून गाडी उभी असताना मोठी बॅटरी बाकीच्या गाडीपासून तोडून ठेवलेली असते. तिच्या पेटीतच दोन जाड स्विच असतात, त्यांना काँटॅक्टर म्हणतात. शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये जो काँटॅक्टर 'खट्ट' करून बसतो, त्याचाच हा भाऊ. तो ओढून धरायला गुंडाळीत वीज लागते आणि ती वीज येते धाकट्या बॅटरीकडून. अपघात झाला, बारा व्होल्ट तुटले, की स्विच आपोआप सुटतात आणि मोठी वीज पेटीत कोंडली जाते. रचना अशी शहाणपणाची आहे. पण तिची किंमत अशी, की धाकटी उतरली तर कोठाराचे दार उघडणाराच कोणी उरत नाही. चार्जरला लावली तरी गाडी वीज घेत नाही, कारण घेण्यासाठीही आधी ते दार उघडावे लागते.

गाडी चालू झाली की डायनॅमोचे काम एक यंत्र करते. त्याला डी.सी.-डी.सी. कन्व्हर्टर म्हणतात. मोठ्या बॅटरीची उंच दाबाची वीज चौदा व्होल्टच्या आसपास उतरवून ते धाकटीला भरते. पुष्कळ गाड्या तर उभ्या असतानाही अधूनमधून स्वतः उठून धाकटीला पाजून ठेवतात.

आणखी एक फरक आहे, तो फार कमी लोक सांगतात. पेट्रोलच्या गाडीत बॅटरी म्हातारी झाली की सेल्फ कण्हतो. 'घर्र... घर्र...' असा आवाज आला की आपण समजतो, आता बदलायला झाली. सेल्फला दीडदोनशे अँपिअर लागतात, म्हणून अशक्तपणा लगेच उघडा पडतो. विजेच्या गाडीत सेल्फच नाही. धाकटीवर एवढा मोठा भार एकदम कधी पडत नाही, त्यामुळे ती पार खंगली तरी रोजचे काम भागवीत राहते आणि एके दिवशी न कण्हता आडवी होते.

आता दोष शोधण्याकडे वळू. क्रम महत्त्वाचा आहे, तेव्हा धीराने घ्या. आधी एक सक्त सूचना. गाडीतल्या नारिंगी रंगाच्या जाड केबलींना हात लावायचा नाही. आपले काम बारा व्होल्टच्या बाजूलाच आहे. नारिंगी रंग दिसला की तिथून पुढे कंपनीच्या शिकलेल्या माणसाचे राज्य.

पहिला प्रश्न, बॅटरीच म्हातारी आहे का? शिशाच्या बॅटरीत सहा घरे, प्रत्येकी दोन व्होल्टांहून थोडी वर. पूर्ण भरून, काही तास स्वस्थ ठेवून मीटर लावला तर १२.६ ते १२.७ दिसावेत. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२च्या खाली गेली तर तळ दिसू लागला. भरलेली असूनही भार दिल्यावर आकडा धाडकन पडत असेल, तर ती संपली. अलीकडे काही गाड्यांत धाकटीही लिथियमची येऊ लागली आहे. तिचे आकडे वेगळे असतात, तिला हे कोष्टक लावू नका.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. शिशाची बॅटरी रिकामी होते तेव्हा तिच्या पत्र्यांवर शिशाचे सल्फेट बसते. लवकर भरली तर ते विरघळते. रिकामीच पडून राहिली तर त्याचे कठीण खडे होतात आणि तेवढा पत्रा कायमचा बाद होतो. म्हणजे गळती असलेल्या गाडीत कोरी बॅटरी घातली तर तीही काही महिन्यांत म्हातारी होते. मिस्त्री म्हणतो बॅटरी खराब होती, ते खरेच असते; पण ती खराब कशाने झाली हे त्याने विचारलेले नसते.

दुसरा प्रश्न, बॅटरी भरली जाते का? गाडी चालण्यास तयार अशा स्थितीत ठेवून धाकटीच्या टर्मिनलांवर मीटर लावा. साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान दिसले तर कन्व्हर्टर काम करतो आहे. १२.३वरच रेंगाळत असेल तर गळती शोधण्यात वेळ घालवू नका. कन्व्हर्टर, त्याचा फ्यूज किंवा सैल, गंजका जोड पाहायला हवा. अर्थची तार बॉडीला जिथे आवळलेली असते तिथला गंज हा आपल्या कोकणातला नेहमीचा आजार.

हे दोन्ही ठीक निघाले तरच तिसरा प्रश्न: गाडी झोपेत किती वीज खाते? थोडी खाणारच. वीस ते पन्नास मिलिअँपिअर हे साधारण रास्त समजतात. हिशेब करा. बॅटरी ४५ अँपिअर-तासांची धरली तर तीस मिलिअँपिअरने ती अर्धी व्हायला महिना लागेल. तीनशे मिलिअँपिअर गेले तर तीन दिवस. आणि गाडीतले संगणक रात्रभर जागेच राहिले, पाच अँपिअर जात राहिले, तर साडेचार तासांत अर्धी. शाळेत फळ्यावर घालायला हे गणित चांगले आहे. मुलांना त्रैराशिक कशाला शिकायचे ते कळेल.

मोजायचे कसे? वायरमनकडे जो चिमट्यासारखा क्लॅम्प मीटर असतो, तो बहुधा ए.सी.चा असतो, इथे डी.सी. मोजणारा आणि बारीक आकडा दाखवणारा हवा. तो काळ्या वायरभोवती अडकवला की काही सोडावे लागत नाही. तो नसेल तर काळा वायर सोडून मधे साधा मीटर दहा अँपिअरच्या भोकात लावतात. पण मग मीटर मधे असताना गाडी मुळीच चालू करू नये, मीटरचा फ्यूज उडेल. बॉनेट उघडे ठेवून त्याची कडी स्क्रूड्रायव्हरने मिटवून घ्या, म्हणजे गाडीला ते बंद वाटते. दारेही तशीच. कुलूप लावा. चावी घरात लांब ठेवा. मोबाइलमधले गाडीचे अॅप बंद करा. आणि तासभर गाडीकडे फिरकू नका. चहा घ्या. मग हळूच जाऊन आकडा पाहा.

आकडा जास्त दिसला तर फ्यूज उपटू नका. इथे १८२७ सालचा ओहम मदतीला येतो. विजेचा प्रवाह कुठल्याही तारेतून जाताना थोडा दाब खर्च होतो, हा त्याचा नियम. फ्यूज हीसुद्धा एक तारच. तिचा रोध ओहमच्या काही हजाराव्या भागाइतका. तिच्यातून तीनशे मिलिअँपिअर गेले तर दोन-तीन मिलिव्होल्टांचा फरक पडतो. फ्यूजच्या डोक्यावर दोन उघडे ठिपके असतात, तिथे मिलिव्होल्टवर ठेवलेल्या मीटरच्या सुया टेकवा. शून्य आले तर ती वाट कोरडी. काही आकडा आला तर त्या वाटेने पाणी वाहते आहे. फ्यूज जागचा हलला नाही, म्हणून गाडीची झोपही मोडली नाही.

पण सर्वांत त्रासदायक गळती ती, जी तुम्ही पाहता तेव्हा नसते. पहाटे तीनला गाडी उठते, अर्धा तास काहीतरी करते, पुन्हा झोपते. अशा गळतीला नोंदणारा मीटर रात्रभर लावावा लागतो. तो परवडत नसेल तर वहीने काम भागते. गाडी उभी केल्यावर दोनतीन तासांनी व्होल्ट लिहा, पहाटे पुन्हा लिहा. रात्रीत ०.१ व्होल्ट उतरला म्हणजे सुमारे आठवा हिस्सा गेला. ४५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ते साडेपाच होतात, आणि बारा तासांची रात्र धरली तर सरासरी साडेचारशे मिलिअँपिअर. आकडा उलट वर गेलेला दिसला तर गाडीने रात्री उठून धाकटीला पाजले असे समजा, आणि तेही लिहून ठेवा. मग रोज एकच गोष्ट बदला. एका रात्री मागाहून बसवलेला कॅमेरा काढा. दुसऱ्या रात्री जागा सांगणारे ट्रॅकर यंत्र. तिसऱ्या रात्री चावी शेजारच्या घरी ठेवा. चौथ्या रात्री स्टिअरिंगखालच्या तपासणीच्या सॉकेटात कुणी काही खुपसून ठेवले असेल ते काढा. एका रात्रीत दोन गोष्टी बदलल्या तर कुणाचा दोष ते कळणार नाही.

मागाहून बसवलेल्या सामानावर माझा पहिला संशय असतो, हे उघड सांगतो. कारखान्यातून आलेली गाडी झोपायला शिकलेली असते. बाजारातून आणून जोडलेला कॅमेरा नाही. तो ज्या तारेवर जोडला ती चावीबरोबर बंद होणारी नसेल तर तो दिवसरात्र खात राहतो. त्याखालोखाल दाराच्या कडीतला बारीक स्विच. तो बिघडला की गाडीला दार उघडेच वाटते. गाडीत सिमकार्ड असते, आणि जिथे मोबाइलची रेंज क्षीण आहे अशा जागी उभी केली तर काही गाड्यांचे यंत्र रेंज शोधत जागे राहते. डोंगराळ गावांनी हे ध्यानात ठेवावे. मालकाच्या हातातले अॅपही काही कमी नाही. दर दहा मिनिटांनी 'किती टक्के आहे' बघत बसले की तितक्या वेळा गाडी झोपेतून उठते. आणि कधी दोष गाडीच्या सॉफ्टवेअरमध्येच असतो, जो कंपनीने नवा मजकूर भरला तरच जातो. तिथे तुमची वही कामाला येते. 'बॅटरी उतरते' एवढेच सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला नवी बॅटरी मिळते. सात रात्रींचे आकडे पुढे ठेवणाऱ्याचे म्हणणे ऐकावे लागते.

राहता राहिली अडलेल्या सकाळची गोष्ट. दूरवरून उघडणाऱ्या चावीच्या पोटात बहुधा एक साधी लोखंडी किल्लीही दडवलेली असते. तिने दार उघडते. धाकटी कुठे आहे किंवा बाहेरून बारा व्होल्ट जोडायची जागा कुठे आहे, ते गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात दिलेले असते. बाहेरची बॅटरी जोडताना लाल आधी, आणि काळा चिमटा बॅटरीपासून दूर, पुस्तकात दाखवलेल्या अर्थच्या जागी. कारण शिशाच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ठिणगीने तो पेटतो. सेल्फ फिरवायचा नसल्याने मोठी बॅटरी आणायची गरज नाही, लहानशी पुरते. दोन्ही काँटॅक्टर खट्ट करून बसले, पडदा उजळला, की कन्व्हर्टर लगेच धाकटीला भरू लागतो. आपल्या गाडीची किल्ली कुठे दडली आहे आणि जोडायची जागा कुठली, हे मात्र गाडी धडधाकट असतानाच एकदा पाहून घ्या. बंद गाडीत ते पुस्तक बहुतेक वेळा आतल्या कप्प्यातच अडकलेले असते.